वर्गात न्यूजरूम सिम्युलेशन घेताय? मग आधी हा क्रम बघा

माध्यम विषय शिकवणारे बरेच शिक्षक हल्ली आपलं सिम्युलेशन, म्हणजे बातमीच्या डेस्कवरचा प्रसंग देऊन मुलांना एकेक पर्याय निवडायला लावणारा खेळ, बनवून मला दाखवायला पाठवतात आणि मेहनत खूप घेतलेली असते, फोटो, आवाज, चार-पाच पर्याय सगळं असतं, पण चूक जवळपास प्रत्येक वेळी तीच. मुलं खेळतात, शेवटी 'तुम्हाला १० पैकी ८' असं येतं, बेल होते, सगळे उठतात. या पाऊण तासात मुलांनी केलं काय, तर मॅडमना कुठलं उत्तर हवंय ते ओळखलं. ते त्यांना पहिलीपासून जमतं, त्यासाठी सिम्युलेशन लागत नाही.

नैतिक विचार घडतो तो कारण मांडताना, तेही निकाल माहीत नसताना. निकाल दिसल्यावर सगळेच शहाणे होतात. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते सगळं एकाच गोष्टीसाठी आहे: मुलाने कारण आधी कागदावर उतरवलं पाहिजे, निकाल नंतर दिसला पाहिजे, आणि त्या दोघांमधल्या फरकावर बोलायला भरपूर वेळ उरला पाहिजे.

मी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवते म्हणजे गोंधळ होणार नाही. तालुक्याच्या ठिकाणचं छोटं न्यूज पोर्टल, रात्रीचे ९.४०, डेस्कवर एकटा माणूस. ओळखीच्या वार्ताहराकडून २२ सेकंदांचा व्हिडिओ येतो. दोन अनोळखी बायका खांबाला बांधलेल्या, भोवती गर्दी, आणि मागून आवाज येतोय 'पोरं पळवणारी टोळी धरली'. पोर्टलच्या चॅनलवर आसपासच्या गावांतले हजारो लोक आहेत. काय करायचं?

## १. आधी पेच शोधा, सॉफ्टवेअर नंतर

लॅपटॉप बंद ठेवा. कागदावर एका वाक्यात लिहा की या प्रसंगात कुठल्या दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतायत. चांगली विरुद्ध वाईट असं लिहिलं गेलं तर तो पेच नाही, ती परीक्षा झाली. आपल्या उदाहरणात माझं वाक्य असं होतं: 'खात्री झाल्याशिवाय काही छापायचं नाही' हा नियम, आणि 'ही अफवा आहे असं आत्ता सांगितलं तर गर्दी कदाचित थांबेल' ही जीव वाचवायची शक्यता. दोन्ही बाजूंना भला माणूस उभा राहू शकतो. इथे खरं काम सुरू होतं.

मग प्रसंगातल्या प्रत्येक प्रश्नाची तीन ढिगांत वाटणी करा.

पहिला ढीग कायद्याने ठरलेल्या गोष्टींचा. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडित मुलाची ओळख उघड करायची की नाही हा डिलेमा म्हणून मी कितीतरी सिम्युलेशनमध्ये बघितलाय. तो डिलेमा नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम २३ प्रमाणे नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, परिसर यातलं काहीच देता येत नाही, मुलाच्या हिताचं असेल तर विशेष न्यायालय परवानगी देऊ शकतं तेवढाच अपवाद, आणि मोडलं तर सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ पण याच धर्तीवर आहे. याला 'पर्याय ब' म्हणून ठेवलंत तर मुलांना वाटतं की हे ज्याच्या त्याच्या मतावर आहे. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण करायचं का, हेही तसंच. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यावेळच्या लाइव्ह कव्हरेजवर सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या निकालात कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत तशी बंदीच आली. अशा गोष्टी सुरुवातीच्या सूचनांमध्ये 'हे करता येत नाही' म्हणून सरळ सांगून टाका.

दुसरा ढीग माहिती नसलेल्या गोष्टींचा. त्या बायका कोण, व्हिडिओ आजचाच आहे का, गाव कुठलं. हे प्रश्न नैतिक नाहीत, पण यांची उत्तरं नसताना ठरवावं लागतं म्हणूनच पेच पडतो.

तिसऱ्या ढिगात जे उरेल तेच तुमचं सिम्युलेशन. बहुतेक वेळा तिथे एक किंवा दोनच गोष्टी उरतात, आणि तेवढ्या पुरेशा असतात.

तपासा: पेच दोन सहकाऱ्यांना सांगा, वेगवेगळं गाठून. दोघांनी क्षणभरही न थांबता एकच उत्तर दिलं तर परत लिहायला बसा.

## २. पळवाटा बुजवा

ही पायरी जवळपास सगळे विसरतात आणि मग वर्गात फजिती होते. मुलं हुशार असतात, पेच दिसला की ती बाजूने निघायचा रस्ता शोधतात. 'पोलिसांना फोन करेन' हा पर्याय ठेवलात की अख्खा वर्ग त्याच्यावर बोट ठेवणार, आणि बरोबरच आहे, खऱ्या आयुष्यात पण तेच आधी करायला हवं. म्हणून तो पर्याय देऊच नका, गोष्टीतच घडवून टाका. ११२ ला फोन झालाय, गाडी निघालीये, घाटरस्त्यामुळे पोचायला ४० मिनिटं. संपादकांना फोन करेन? त्या लग्नाला गेल्यात, फोन लागत नाही, रेंज आल्यावर करतील. वार्ताहराला विचारेन? विचारलं, तो म्हणतोय मला पण फॉरवर्डच आलाय, मी तिथे नाही.

आता मुलाच्या हातात तीन गोष्टी उरतात. चेहरे ब्लर करून व्हिडिओ टाकायचा, म्हणजे वरपर्यंत दखल घेतली जाईल. पुष्टी येईपर्यंत काहीच टाकायचं नाही. किंवा पुष्टी नसताना 'मुलं पळवणाऱ्या टोळीच्या बातम्यांना आधार नाही, कुणालाही मारहाण करू नका' असा मजकूर टाकायचा. तिन्हीला बाजू आहे, तिन्हीत धोका आहे. व्हिडिओ ब्लर केला तरी अफवेचा आवाज तोच राहतो आणि पुढच्या गावात पोचतो. गप्प राहिलं तर ४० मिनिटं निघून जातात. आणि 'आधार नाही' असं छापणं म्हणजे आपल्याला जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं सांगणं.

## ३. नकाशा कागदावरच काढा, आणि फांद्या परत जोडा

प्रत्येक ठिकाणी ३ पर्याय आणि असे ४ टप्पे ठेवले तर शेवट होतात ८१ आणि एकूण लिहायचे तुकडे १२१. कुणीच एवढं लिहू शकत नाही, मग अर्ध्यात सोडून दिलं जातं नाहीतर घाईघाईत एकेका ओळीचे शेवट लिहिले जातात. फांदी फुटली की दोन तुकड्यांनंतर परत मुख्य खोडाला आणून जोडायची. म्हणजे तुम्ही व्हिडिओ टाका किंवा टाकू नका, १०.०५ ला संपादकांचा फोन येणारच, फक्त त्या काय बोलतात ते तुमच्या आधीच्या निर्णयावर ठरेल. १२ ते १५ तुकड्यांत सगळं बसतं.

जुन्या वापरलेल्या पोस्टकार्डांच्या मागे मी एकेक तुकडा लिहिते आणि जमिनीवर मांडते, दोऱ्याने जोडते. एखाद्या कार्डापर्यंत दोराच पोचत नाही किंवा एखाद्या कार्डातून बाहेर दोरा निघत नाही हे जमिनीवर लगेच दिसतं, स्क्रीनवर नाही दिसत.

घड्याळाबद्दल एक गोष्ट. खरा टायमर लावू नका. स्क्रीनवर ३० सेकंद उलटे मोजायला लागले की ज्याचं वाचन हळू आहे तो अडकतो, आणि तुम्ही मोजता वाचनाचा वेग. त्याऐवजी गोष्टीतली वेळ ठेवा: प्रत्येक कृतीला मिनिटं लागतात, फोन ५ मिनिटं, व्हिडिओतल्या पाटीवरून गाव शोधणं १० मिनिटं, आणि वर दिसत राहतं '९.५५, गाडी अजून वाटेत'. ताण तेवढाच येतो, पण सगळ्यांना सारखा.

## ४. मजकूर लिहिताना तुमचं मत गळू देऊ नका

'तुम्ही घाईघाईने व्हिडिओ टाकता' यातल्या 'घाईघाईने'ने निकाल देऊन टाकला. 'तुम्ही जबाबदारीने थांबता' तेच. अशी क्रियाविशेषणं शोधून शोधून काढा. पर्यायांची लांबी पण सारखी ठेवा, कारण आपल्याला जो आवडतो तो आपण नकळत जास्त नीट आणि लांब लिहितो आणि मुलं सगळ्यात लांब पर्यायावर टिक करतात.

माणसं माणसांसारखी बोलू द्या. वार्ताहराचा मेसेज 'कृपया सदर चित्रफीत तातडीने प्रसिद्ध करावी' असा नको, 'ताई लवकर टाका, त्या दुसऱ्या ग्रुपवर आलंय सगळं' असा हवा. खरा दबाव असाच येतो, ओळखीच्या माणसाच्या साध्या वाक्यातून.

थांबा: खऱ्या घटनेतली नावं, फोटो, गावं वापरू नका. मी एकदा केलंय हे, म्हणून इतकं ठासून सांगते. सुरुवातीच्या काळात एका कॉलेजात मी खऱ्या घटनेचा फोटो पडद्यावर लावला, कडा ब्लर करून, मला वाटलं त्याने गांभीर्य येईल. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी पुस्तकं न उचलताच उठून गेली. नंतर कळलं की तिचे घरचे भटकंती करून पोट भरणारे, आणि अशाच एका गावात तिच्या काकाला जमावाने अडवून ठेवलं होतं. मी तिची माफी मागितली, तिने मोठ्या मनाने ऐकून घेतलं, पण तो तास तिच्याकडून गेला तो गेलाच. तेव्हापासून माझं गाव काल्पनिक, आडनावं काल्पनिक, आणि बायकांची जात-जमात कुठेच लिहिलेली नसते.

## ५. निर्णय आणि निकाल तोडा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यात जास्त चुकते ती पण हीच.

बहुतेक सिम्युलेशनमध्ये 'चुकीचा' पर्याय निवडला की कुणीतरी मरतं आणि 'बरोबर' निवडला की सगळे वाचतात. यातून मूल शिकतं की निकाल चांगला म्हणजे निर्णय चांगला. खऱ्या न्यूजरूममध्ये असं नसतं. पूर्ण विचार करून घेतलेल्या निर्णयाचा शेवट वाईट होतो, आणि बेफिकीरपणे टाकलेल्या व्हिडिओने कधी कधी काहीच होत नाही आणि तो माणूस पुढच्या वेळी आणखी बेफिकीर होतो.

म्हणून एकाच निर्णयाला दोन निकाल लिहा. खंडन टाकलं, एका शेवटात गावातला शिक्षक तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो आणि गर्दी पांगते, दुसऱ्या शेवटात कुणी बघतच नाही आणि गाडी पोचेपर्यंत एकीचा हात मोडलेला असतो. कुणाला कुठला शेवट येईल ते नशिबावर सोडा. वर्गात जेव्हा शेजारच्या दोन जोड्यांना कळतं की आपण अक्षर न् अक्षर तेच केलं आणि तरी शेवट वेगळा, तेव्हा जी शांतता पसरते ना, त्यासाठी मी हे सगळं करते.

## ६. आता सॉफ्टवेअर

दोन रस्ते आहेत, दोन्ही फुकट.

ट्वाइन: फांद्या फुटणाऱ्या गोष्टी बनवायचं सॉफ्टवेअर, कोडिंग यायची गरज नाही. मजकुरात दोन-दोन चौकोनी कंसात पुढच्या तुकड्याचं नाव लिहिलं की लिंक तयार होते आणि तो तुकडा पण आपोआप उगवतो. शेवटी 'पब्लिश टू फाइल' केलं की एकच एचटीएमएल फाइल मिळते, ती फोनवर इंटरनेटशिवाय चालते, ग्रामीण कॉलेजात ही फार मोठी सोय. दोन निकालांपैकी एक आपोआप निवडायला 'आयदर' नावाचा मॅक्रो, म्हणजे तयार आज्ञा, आहे.

यात तीन ठिकाणी लोक अडकतात. एक, हार्लो या ट्वाइनच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये बाजूला मागे जायचा बाण असतो. निकाल आवडला नाही की मुलं तो दाबतात आणि दुसरा पर्याय निवडतात, सगळा खेळ तिथेच संपला. गोष्टीच्या स्टाइलशीटमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भागात) साइडबार, म्हणजे ती बाजूची पट्टी, लपवायची एक ओळ टाका, विसरू नका. दोन, ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरत असाल तर तुमची गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठ्यात असते, कुणी लॅबमधला डेटा क्लिअर केला की महिन्याचं काम गेलं, रोज काम संपवून उठताना अर्काइव्ह, म्हणजे सगळ्या कामाची प्रत, डाउनलोड करा. तीन, वेगळे ठेवलेले फोटो फाइलसोबत जात नाहीत, फोनवर रिकामा चौकोन दिसतो. मी फोटो वापरणंच सोडलं, शब्दांत लिहिलेला व्हिडिओ मुलं जास्त लक्ष देऊन 'बघतात'.

गूगल फॉर्म: प्रत्येक तुकडा म्हणजे एक सेक्शन, आणि बहुपर्यायी प्रश्नाच्या तीन टिंबांमध्ये 'उत्तरानुसार सेक्शनवर जा' ही सोय. अर्ध्या तासात शिकता येतं. पण यात नशीब आणता येत नाही, म्हणून शेवट वेगळे असलेले दोन फॉर्म बनवा, अ आणि ब, अर्ध्या वर्गाला एक, अर्ध्याला दुसरा. आणि यात पण मागे जायचं बटण असतंच, त्यावर उपाय पुढच्या पायरीत आहे.

तपासा: वर्गातल्या सगळ्यात साध्या फोनवर स्वतः उघडून शेवटपर्यंत जा. व्हॉट्सॅपवरून पाठवलेली एचटीएमएल फाइल काही फोनवर सरळ ब्राउझरमध्ये उघडत नाही. हे आदल्या दिवशी कळलेलं बरं.

## ७. वर्ग घेताना

जोडतास मागून घ्या. एका ५० मिनिटांच्या तासात हे बसत नाही, बसवायला गेलात तर चर्चाच कापली जाते. माझं वाटप साधारण असं: १० मिनिटं तयारी, २५ खेळ, ५ शांतता, आणि उरलेली ६० मिनिटं चर्चा. हो, खेळाच्या दुपटीहून जास्त चर्चा.

तयारीच्या १० मिनिटांत सांगा की प्रसंगात जमाव आणि मारहाण आहे, ज्याला नको असेल त्याने कारण न देता लायब्ररीत जाऊन दुसरं काम करावं. हे सगळ्यांसमोर हात वर करून विचारू नका, आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आणि कुणालाही त्या बांधलेल्या बाईची भूमिका देऊ नका, सगळे डेस्कवरच बसतील.

जोड्या करा, दोघांत एक फोन. एकटं मूल मनातल्या मनात ठरवून पुढे जातं, दोघं असली की तोंडाने बोलावं लागतं, भांडावं लागतं. शक्यतो जिवलग मित्र-मैत्रिणी एकत्र नकोत.

आता ती चिठ्ठी. प्रत्येक जोडीला मी पाठकोऱ्या कागदाच्या चार पट्ट्या देते. प्रत्येक निर्णयाच्या आधी एका पट्टीवर, पेनाने, वेळ टाकून, तीन ओळी: काय करणार, का, आणि याने सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं होऊ शकतं. पट्टी दुमडून माझ्या टेबलावरच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची, मगच स्क्रीनवर बोट ठेवायचं. डब्यात गेलेली चिठ्ठी खेळ संपेपर्यंत परत मिळत नाही. फॉर्ममधलं मागे जायचं बटण दाबलं तरी चिठ्ठीवर खरं काय ते असतंच. डब्यात पट्टी टाकताना मुलांचा जो क्षणभर हात अडखळतो तो बघत राहा, कोणत्या प्रश्नाला जास्त जोड्या अडखळल्या ते वहीत टिपून ठेवा, चर्चा तिथून सुरू करायची असते.

खेळ चालू असताना तुम्ही गप्प बसायचं. मुलं विचारतील, 'मॅडम, हे चालेल का?' उत्तर एकच: 'डेस्कवर तू आहेस.' मध्ये एकदाच उठून मोठ्याने वाचा, 'दुसऱ्या पोर्टलने व्हिडिओ टाकला, ब्लर न करता.' मग बघा किती पट्ट्यांवर कारण बदलतं.

थांबा: खेळ संपल्यावर लगेच चर्चा नको. ५ मिनिटं कुणीच बोलायचं नाही. ज्यांचा शेवट वाईट आला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, त्यांना तो वेळ द्या. मग सांगा, डेस्कवरची ड्युटी संपली, आता तुम्ही तुम्ही आहात.

## ८. चर्चा, याच क्रमाने

'तुम्हाला काय वाटलं?' असं सुरू केलं की तीन बोलकी मुलं तास खाऊन टाकतात. मी हार्वर्डच्या राल्फ पॉटर यांची चार घरांची चौकट वापरते, माध्यमनीती शिकवताना ती जगभर वापरतात आणि फळ्यावर एक अधिक चिन्ह काढलं की झाली तयार. घरं चार: माहिती, मूल्यं, तत्त्वं, निष्ठा.

माहिती आधी, आणि इथे घाई नको. ९.४० ला तुला नक्की काय माहीत होतं? मुलं म्हणतात 'त्या निर्दोष होत्या'. ते शेवटी कळलं ना, ९.४० ला कुठे माहीत होतं? चिठ्ठी काढा, वाचा. नंतर कळलेली गोष्ट आधीच्या निर्णयात घुसवायची सवय इतकी पक्की असते की हे एक घर भरायलाच २० मिनिटं जातात, जाऊ द्या.

मूल्यं: तुला काय महत्त्वाचं वाटलं, खरेपणा, वेग, जीव, पोर्टलची पत? 'वेग' म्हणायला मुलं लाजतात, पण चिठ्ठ्यांमध्ये तो असतो, म्हणून प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचं कौतुक करा.

तत्त्वं: हाच नियम सगळ्यांना लावशील का? त्या बायकांच्या जागी गावातला मोठा व्यापारी बांधलेला असता तर व्हिडिओ टाकला असतास? मागच्या वर्षी या प्रश्नावर एक मुलगा बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, 'नसता टाकला मॅडम. तो केस करेल म्हणून.' मी विचारलं, 'मग या बायकांचा टाकलास कारण?' तो म्हणाला, 'त्या करणार नाहीत.' वर्गात कुणी हसलं नाही. मी पण काही बोलले नाही, त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पुढे गेले.

निष्ठा: शेवटी तू कुणाच्या बाजूने उभा राहिलास? वाचक, मालक, वार्ताहर, त्या दोन बायका, की स्वतःची नोकरी?

चारही घरं भरल्यावरच खरी घटना सांगा, आणि फक्त तथ्यं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय या व्हॉट्सॅपवरच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागत आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. हे आधी सांगितलं तर मुलं खेळात 'योग्य' वागतात, कारण शेवट माहीत असतो. नंतर सांगितलं तर ती स्वतःच्या चिठ्ठ्या हातात घेऊन ऐकतात.

नेहमीची चूक: शेवटी शिक्षक उभे राहून 'तर मग योग्य काय होतं' ते सांगतात. मोह मलाही होतो. तुमचं मत विचारलं तर सांगा, पण त्याच चार घरांतून, कारणं देऊन, आणि तुमचं मत कुठे कच्चं पडतं तेही सांगा. 'सगळ्यांचं आपापल्या जागी बरोबर' असं म्हणून उठणं हे त्याहून वाईट. काही कारणं खरंच तोकडी असतात आणि ती तोकडी का आहेत हे दाखवणं आपलं कामच आहे.

## ९. गुण कशाला द्यायचे

पर्यायाला नाही, निकालाला तर नाहीच. चार गोष्टी बघा: ज्यांच्यावर परिणाम होणार अशी किती माणसं त्याच्या लक्षात आली, माहिती आणि अंदाज वेगळे ठेवले का, विरुद्ध बाजूचं सगळ्यात ताकदीचं म्हणणं नीट मांडता आलं का, आणि माणसं बदलली तरी नियम तोच राहिला का. प्रत्येकाला ५ गुण, झाले २०. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड जाते, तिथे अर्धा वर्ग विरुद्ध बाजूला मूर्ख ठरवून मोकळा होतो, तेव्हा तो भाग परत लिहून घ्या.

## १०. आठवड्यानंतरची चिठ्ठी

शिकलंय की नाही ते त्या दिवशी कळत नाही. आठवड्याने पूर्ण वेगळा प्रसंग द्या, कागदावर, अर्ध्या पानाचा, खेळ-बिळ काही नाही. मी घाटातल्या बस अपघाताचा देते: प्रवाशांची यादी हातात आलीये, काही घरी अजून कळवलेलं नाही, आणि बाहेर नातेवाईक पोर्टलला फोन करून करून विचारतायत. १५ मिनिटांत लिहायचं. अफवेच्या प्रसंगात शिकलेलं इथे आपोआप उतरत नाही, पहिल्यांदा बऱ्याच जणांचं नाहीच उतरत. तेव्हा निराश होऊ नका, चार घरं परत काढा आणि तिसरा प्रसंग द्या.

चर्चेनंतर पट्ट्या परत बिस्किटाच्या डब्यात घ्या आणि डबा तोवर जपून ठेवा. दुसरं लिखाण तपासून परत देताना प्रत्येक जोडीच्या जुन्या पट्ट्या त्याला टाचून द्या, ९.४० वाली सगळ्यात वर.